खिळ्यावरचा आरसा

कळंब, मंगळवार, संध्याकाळ

आज दुकान बंद करताना आरशात बघवलं नाही.

मला चौथीला शिकवलेले गुरुजी आले होते. गेल्या वर्षी त्यांची हार्डडिस्क टकटक करत होती, तेव्हा मीच ऐटीत म्हणालो होतो, "फिरत्या चकतीचा जमाना संपला, बिनचकतीची एसएसडी घ्या." त्यांच्या वारलेल्या बायकोचे, आमच्या काकूंचे, सगळे व्हिडिओ नवीनमध्ये उतरवून दिले. हुरडा भाजताना गुरुजींवर खेकसणाऱ्या काकू. आज ती एसएसडी उघडेच ना. जुनी निदान मरताना टकटक तरी करत होती. ही गप मेली.

"जुनी असंल की तुझ्याकडं?" गुरुजींनी विचारलं.

न्हाय म्हणालो. वर गिऱ्हाइकांदेखत सुनावलं, "दोन ठिकाणी ठेवायचं असतंय, गुरुजी. चूक तुमचीच हाय." असं का बोललो? त्यांनी चौथीत मला असंच वर्गादेखत उभं केलं होतं म्हणून?

गुरुजी जायला निघाले. दाराजवळच्या आरशात बघून टोपी नीट केली.

तो आरसा म्हणजे त्यांच्याच जुन्या हार्डडिस्कची चकती, काकूंचे व्हिडिओ होते ती. खोलली की आतलं परत मिळत नाही, तरी चकचकीत दिसली म्हणून मीच खोलून काढली, मधल्या भोकातून खिळ्याला टांगली. रोज तिच्यात बघून भांग पाडतो.

"आरसा लई नितळ हाय रे," गुरुजी म्हणाले.

मी म्हणालो, "व्हय."