दादाच्या फोटोला घातलेला हार

भांडुप,
मार्च १९८७

तीर्थस्वरूप काशीरामदादास,

धाकट्या प्रेमाचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत. तूही खुशाल आहेस, हे या खेपेला रीत म्हणून लिहीत नाही, गणपतीला पाच नारळ फोडून मग लिहिते आहे. दमा कसा आहे? कवळी बसली का? वहिनीला नमस्कार. फोनवर सगळा वेळ तूच ओरडत होतास, त्यात माझं म्हणणं राहून गेलं, म्हणून सविस्तर लिहिते.

पोरीचं लग्न उरकल्यावर मी अंधेरीच्या सिनेमाच्या शाळेत नाव घातलं, तेव्हा "पन्नाशीत कसली गो शाळा?" म्हणून हसलास, आणि मग ह्यांची समजूतही तूच घातलीस. वर्गात मी सगळ्यांची मावशी. पहिल्या दिवशी सर आत आले तशी मी सवयीने उभी राहिले. मला उभी बघून सर काही बसेनात (त्यांची आई माझ्याहून लहान आहे). मी उभी म्हणून ते उभे, ते उभे म्हणून मी उभी. शेवटी शिपायाने दोघांना बसवलं. तर आता शेवटच्या परीक्षेला प्रत्येकाने एक छोटी फिल्म करायची होती. कॅमेरा एकच दिवस मिळणार, आणि फिल्म झाली नाही तर दोन वर्षं पाण्यात. माझ्या गोष्टीतला बाप वारलेला आहे आणि भिंतीवर त्याचा फोटो हवा. लोक शूटिंगला खाट देतात, कपबशा देतात, पण घरातल्या जित्याजागत्या माणसाचा फोटो हार घालायला कोण देईल? माझ्याकडे तुझा सत्काराचा फोटो होता. फेटा, कोट, भारदस्त मिशा. म्हटलं, दादा कुठे बघायला येतोय! देवाची क्षमा मागितली, चंदनाचा हार घातला, खाली उदबत्ती लावली.

तेवढ्यात शेजारची सुनंदा मिक्सर परत द्यायला आली. फोटोकडे बघितलं, मिक्सर ठेवला आणि एक शब्द न बोलता गेली. (सुनंदा न बोलता गेली तेव्हाच मी समजायला हवं होतं.) दुपारी आपलं अख्खं गावमंडळ दारात, पुढे धोंडू. बायका माझ्या गळ्यात पडल्या. मी सांगते आहे, अहो हे शूटिंग आहे, दादा ठणठणीत आहे, तर धोंडू म्हणतो, "बोलूक देवा तिका. धक्को बसलोहा." लुईसने (हा माझ्या वर्गातला, मनोरीचा, कॅमेरा त्याच्या हातात) टोपी काढून छातीवर क्रूस केला, पण कॅमेरा काही बंद केला नाही.

मी हसणारच होते. एवढ्यात धोंडू म्हणाला, "काशीरामाक कणकवलीच्या दवाखान्यात नेल्यानी, म्हणान एष्टीचो कंडक्टर सांगी होतो." दादा, हार मी घातलेला, उदबत्ती मी पेटवलेली, तरी आता मीच त्या बायकांच्या गळ्यात पडले. तुझं पत्र बरेच दिवस आलं नव्हतं. वाटलं, मी गंमत म्हणून हार घातला आणि देवाने तो खरा धरला. आई गेली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

खालच्या डॉक्टरांच्या फोनवरून तुमच्या पोस्टात ट्रंककॉल लावला आणि घरी माणूस धाडायला सांगितलं. मंडळ सगळं जिन्यात उभं. बऱ्याच वेळाने पलीकडून कोणीतरी बोललं, वारा जास्त आणि शब्द कमी. मला वाटलं, कोणी म्हातारा निरोप द्यायला आलाय. धीर करून विचारलं, "काशीरामदादा गेले का हो?" त्यावर, "गो भवाने, माका जित्तोच मारलंस काय?" तेव्हा ओळख पटली. (दवाखान्यात तू दात काढायला गेला होतास, हे मागाहून वहिनीने सांगितलं.) अशी गोड शिवी मी जन्मात ऐकली नाही. फोन तसाच धोंडूच्या कानाला लावला, पुढचं त्याला तूच ऐकवलंस. आता तो सांगत फिरतो की मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, म्हणजे उपकार त्याचेच.

घरी येऊन आधी हार काढला, फोटोची दृष्ट काढली. जिवात जीव आला आहे. पोरांना आशीर्वाद.

तुझी,
प्रेमा

ता. क. : मंडळाचं सगळं रडणं लुईसने टिपलं आहे. सर म्हणाले, इतकं अस्सल काम त्यांनी शाळेत कधी पाहिलं नाही. फक्त फोटोचा जवळून एक शॉट राहिलाय, त्यासाठी ते कॅमेरा आणखी तासभर देतायत. आता मेलेला माणूस मध्येच बदलता येत नाही. तरी एकदाच हार घालायला तुझी परवानगी हवी. लेखी पाठव, ह्यांना दाखवायला लागेल.

आणखी एक : परवानगीचं राहू दे. पत्र पेटीत टाकायचं राहिलं आणि शॉट आज सकाळी झालासुद्धा. हार घेऊन स्टुलावर चढले, पण माझा हात काही वर जाईना. लुईसनेच घातला. फिल्म पाडव्यानंतरच्या रविवारी दाखवणार आहेत, तेव्हा तू ये. मंडळातली निम्मी माणसं तू जिवंत आहेस हे मानायला तयार नाहीत, असं कारण मी सगळ्यांना सांगते आहे. खरं कारण म्हणजे, तुला डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला त्या भिंतीकडे बघवत नाही. शिव्या दे, चार माणसांत दे, पण ये.