संगमाखालची काळी वाळू

१८ नोव्हेंबर
अंगणवाडीतून रिटायर होऊन पाच महिने झाले. आज चौथ्यांदा ओढ्यावर गेले. सोनं शोधायला. लिहायला लाज वाटत नाही, सांगायला वाटते. मोबाईलवर बघितलं, कुठं परदेशात माझ्या वयाच्या बाया पाण्यात बसून परात फिरवतात आणि सोनं काढतात. मग आपल्या ओढ्यानं काय घोडं मारलंय?
परात चालत नाही. स्टीलवरून वाळू, खडे, सगळंच सुळकन जातं. कंबर तेवढी धरते.

२१ नोव्हेंबर
सासूबाईंची काठवट नेली, भाकरीचं पीठ मळायची. लाकूड खडबडीत, जड ते धरून ठेवतं. पाणी घ्यायचं, हलवायचं, हलकं काठावरून जाऊ द्यायचं. म्हणजे रोळायचंच की! तांदळातले खडे रोळण्यात जन्म गेला, ते मला मोबाईलनं शिकवायचं? तळाला चिमूटभर काळी वाळू राहिली. पिवळं काही नाही.
लता, माझी धाकटी जाऊ, बांधावरून ओरडली, "अक्का, भाकरीच्या काठवटीत चिखूल कालवताय? आत्याबाई वरनं बघत असत्याल!"
म्हटलं, बघू देत. त्यांनी जन्मभर नुसतं पीठच मळलं.

२ डिसेंबर
शीतल बाळंतपणाला आली. नऊ वर्षांनी दिवस राहिलेत पोरीला. जावईबापू भोंगवलीहून सोडायला आले. जेवताना मी बोलून गेले, बाळाच्या पहिल्या गुटीत आपल्या ओढ्याचं सोनं उगाळणार. जावईबापू भूगोलाचे मास्तर. हसले. "मामी, इथं सगळा काळा पाषाण. यात सोनं नसतं. लोखंड मिळेल, पाहिजे तेवढं."
चार माणसांत. भाजीत मीठ जास्त झालंय तेही मग कुणी बोललं नाही. आता तर काढणारच.

५ डिसेंबर
काळ्या वाळूला लोहचुंबक लावलं. निम्मी चिकटली. मास्तरांचं खरं निघालं म्हणून दिवसभर चिडचिड.
जागा मात्र पक्की केली. मयत जाळायचा घाट खालच्या अंगाला, म्हणून मी पार वर, दोन ओढे मिळतात त्या संगमाखाली बसते. पाणी स्वच्छ. वळणाच्या आतल्या बाजूला पाणी मंदावतं, जड ते तिथं बसतं, असं मोबाईलवरची बाई सांगते.

११ डिसें.
काही नाही. बोटं गारठली.

१२ डिसें.
०

१४ डिसें.
० लता म्हणे, "सोनं ऱ्हाऊ द्या अक्का, दोन खेकडं तरी आणा कालवणाला." दोन आणले. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ले. माझी मेहनत एवढीच गोड लागली.

१९ डिसेंबर
सापडलं!
मोहरीपेक्षा थोरलं, ज्वारीपेक्षा बारीक. पिवळंधमक. चुंबकाला चिकटत नाही. एका बाजूला खळगा आहे, दगडावर आपटून पडला असेल. पदराला बांधायचा धीर होईना, सांडलं तर? तोंडात धरून घरी आणलं. वाटेत दोघी भेटल्या, नुसती मान हलवली.
शीतलला सांगितलं नाही. आधी सोनाराकडून खात्री, मग मास्तरांच्या पुढ्यात सहाण मांडते.

२२ डिसेंबर
एसटीनं भोरला. सोनार जुने ओळखीचे, आमच्या वाडीतले निम्मे डागदागिने त्यांच्याच हातचे. कसाला लावलं.
"सोनं हाय, काकू."
मी फुगले. मग त्यांनी भिंग लावलं.
"पर ओढ्याचं न्हाई. मणी हाय ह्यो. हा खळगा न्हवं, भोक हाय, अर्धं बुजलंय. जाळातनं गेलाय." भिंग खाली ठेवलं. मग हळू म्हणाले, "कुणाच्या तोंडात घातलेला असंल जाताना."
येताना एसटीत जागा होती तरी उभीच आले. मी ते तोंडात धरून आणलं होतं.

२३ डिसेंबर
भाऊजींना, लताच्या नवऱ्याला, विचारलं. घाट तर खाली, मग मणी वर कसा आला? सोनं काही पाण्याला उलटं चढत नाही.
भाऊजी टोपी काढून बसले. "वैनी, जाळतो खाली. पर राख वर नेतो. दोन पान्याच्या संगमाव सोडायची असती. बायका येत न्हाईत, तुमाला कसं ठावं आसंल?"
अडतीस वर्षं या गावात काढली मी.
मग म्हणाले, "दादाची बी म्या तितंच सोडली."
यांना दारातून उचललं तेव्हा मंगळसूत्रातला मणी मीच यांच्या ओठांत ठेवला होता. पुढचं बायकांनी बघायचं नसतं. मी नाही बघितलं. सहा पावसाळे झाले.
आज रडले. पोटभर.

२४ डिसेंबर
नीट विचार करायचा. यांचाच कशावरून? एवढ्या वर्षांत वाडीतली किती माणसं त्या संगमावर गेली. म्हातारी माणसं, एक दोन तरणीसुद्धा. सगळ्यांच्या तोंडात काही ना काही होतं. मणी सगळे सारखेच.
लता म्हणे, "पान्यात सोडा अक्का. मेल्याचं सोनं लेकराच्या जिभंला? काय बाय इपरित!" भाऊजी म्हणे, सोडायचं तर म्या येतो संगं, एकल्या जाऊ नका.
पोटुशीपुढं मरणाचं बोलायचं नाही, म्हणून शीतलला कुणी काही सांगितलेलं नाही. मणी हळदीच्या करंड्यात ठेवलाय. तिथं कुणी हात घालत नाही.

२९ डिसेंबर
संगमाच्या वर गेले. इथं कुणाची राख येत नाही. इथलं जे निघेल ते बाळाचं, नवंकोरं. धनगराची म्हातारी मेंढरं पाजायला आली होती. काय शोधताय विचारलं. सांगितलं. म्हणाली, "घावंल की! आमचं हरवलेलं कोकरू बी हितंच घावलं हुतं."
० पण बरं वाटलं.

४ जाने.
० जावईबापूंचा फोन. "मामी, लोखंड किती जमलं?" म्हटलं, तुमच्या लेकराच्या पाळण्याला कड्या होतील एवढं. गुडघा सुजलाय. उद्या जाणार.

९ जानेवारी, भोर
मुलगी झाली. सकाळी आठला. दोघी सुखरूप. नाक यांचं आहे, अगदी यांचं, मधे जरा बसकं. जावईबापू डोळे पुसत पेढे आणायला गेले.
दुपारी शीतलनं विचारलं, "आई, सापडलं का गं तुझं सोनं?"
लता पलीकडून डोळे वटारून बघत होती. संगमाच्या वर अजून कणसुद्धा नाही, करंड्यात तेवढा तो मणी. गुटीला बारा दिवस आहेत. नाही म्हणायचं मनात घट्ट धरून बसले होते.
"सापडलं," म्हटलं.
कुठं, ते तिनं विचारलं नाही, झोप लागली. उठल्यावर विचारेल. विचारलं तर सांगणार.