उलटी ओढलेली रेघ

३ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या दुकानांच्या रंगीत पाट्यांवरून करत असलेला फॉन्ट पुरा होत आला. छापील तक्ता सोबत आहे. हा फक्त मथळ्यांसाठी बरं का. इतकी नाचरी अक्षरं पानभर वाचली तर माणसाला घेरी येईल. महिनाअखेर फॉन्ट कंपनीला द्यायचा आहे, तुमच्या नावानं.

एक शंका. चष्मेवाल्याच्या आणि शिंप्याच्या पाटीवर शिरोरेघ उजवीकडे जाड आहे आणि डावीकडे विरत जाते. चूक समजून मी ती संगणकावर उलटवली, तर अक्षरं नाचायचीच थांबली! तुम्ही तर मला डावीकडून रेघ ओढायला शिकवलंत. मग हे कसं?

काकूला नमस्कार. तुमची माझ्यावर माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची पुतणी


९ फेब्रुवारी

चि. भिंगबाईस,
अनेक आशीर्वाद.

चाळिशी उलटली तरी तुझं भिंग काही सुटत नाही. कुंचला जुना होता, झालं. तब्येतीला जप.

तुझा काका


१४ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

जुना कुंचला आणून पाहिला. उजव्या हातानं ती रेघ येत नाही. डाव्या हातानं वेडीवाकडी का होईना, येते. आपल्या घरात डावखुरं माणूस एकच आहे. विचारणं आगाऊपणाचं वाटतंय, पण न विचारता नाव छापणं त्याहून वाईट. रागावलात तरी उत्तर द्या.

तुमची पुतणी


२० फेब्रुवारी

चि. भिंगबाईस,
अ. आ.

शिडीवरून पडलो त्या वर्षी खांदा निकामी झाला. घेतलेली कामं काकूनं मागच्या खोलीत दार लावून रंगवली. मी नेऊन टांगली. खांदा बरा झाला, पण गिऱ्हाईक तेच अक्षर मागू लागलं, म्हणून रंगवणं तिच्याकडेच राहिलं. लोक म्हणायचे, पडल्यापासून तुमच्या हाताला खेळकरपणा आला. मी हो म्हणायचो. एवढंच, पण बावीस वर्षं.

नाव बदललंस तर बाजारात मान खाली जाईल, न बदललंस तर घरात. तिला अजून विचारलेलं नाही. आज विचारतो.

काका


२१ फेब्रुवारी

चि. पोरीस,
आशीर्वाद.

काकांनी तुझी पत्रं आणि तक्ता माझ्यापुढे ठेवला आणि अंगणात जाऊन बसले. मी नको म्हणेन, असं त्यांना वाटत होतं. तुलाही वाटलं असेल.

मला माझं नाव हवं आहे. पूर्ण.

पाट्यांवर नसलेली चार अक्षरं तू पदरची घातलीस ना? ओळखू येतात, बिचारी भिंत धरून चालतात. ती मी काढून पाठवते, तोवर थांब. काकांच्या जुन्या ठळक अक्षरांचाही फॉन्ट कर, ती फार देखणी आहेत.

रंग संपलाय. काकांना बाजारात पाठवलंय. दुकानदारानं विचारायच्या आत, कुणासाठी नेताय ते सांगा, असं बजावलंय. निघताना दोनदा चप्पल बदलली, पण गेले.

तुझी काकू