मखमली कव्हराखालचा पट्टा

गंगाखेड, बुधवार

प्रिय भगवान,

सप्रेम जय भीम. एका निष्पाप जिवाच्या हत्येची फिर्याद घेऊन तुझ्या दरबारात उभा आहे. मयत, माझा पांढरा रुमाल. शुभदाने रविवारी तुमच्याकडे यायचं म्हणून त्याला कडक इस्त्री करून, चौघडी घालून माझ्या खिशात ठेवला होता. आरोपी, तुझा चिरंजीव धम्मदीप. हत्यार, त्याच्याच गाडीची पुढची काच. रुमाल आता काळा, तेलकट आणि इतका घाण झाला आहे की आमची भांडेवाली त्याला चिमट्याने उचलते. तू सोयरिकीच्या उत्तराची वाट बघत बसला असशील, आणि हा मास्तर रुमालाचं रडगाणं गातोय म्हणून चिडशील. जरा थांब. उत्तर याच पत्रात आहे, पण ते रुमालातूनच जातं.

फोनवर सांगून मोकळा का होत नाही, असंही तू म्हणशील. पण वसतिगृह सुटल्यापासून आपण एकमेकांना पत्रंच लिहीत आलो. मी संस्कृत घेतलं तेव्हा खोलीतल्या पोरांनी माझी ‘पंडित, पंडित’ म्हणून टर उडवली, आणि तू मात्र माझी पत्रं तुझ्या मायला वाचून दाखवायचास. फोनवर तुला ‘हां, बरं हाय, ठेव’ याच्यापुढे जाता येत नाही. मला तुझा फोन आजवर दोनदाच आला. एकदा तुझे वडील गेले तेव्हा, आणि एकदा आपल्या खोलीतला सिताराम गेला तेव्हा.

तर रविवारची कथा. मुलीकडच्यांनी एसटीत उभं राहून येऊ नये म्हणून तू गाडी पाठवलीस, तुझं मन मोठं. आम्ही तिघं, मी, शुभदा आणि आमची लेक सुकेशनी, सकाळी दारात उभे. गाडी काय सजली होती! जणू बघायचा कार्यक्रम तिचाच होता. आत लालभडक नवं मखमली कव्हर, अत्तराची बाटली, आणि चारही टायरांना असं काळं पॉलिश चोपडलेलं की त्यात भांग पाडून घ्यावा. मी सहज एका टायरावरून बोट फिरवलं. पॉलिश बोटाला लागलं, नक्षी काही लागली नाही. चारही टायर झिजून नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत. मेलेल्या माणसाला पावडर लावून खुर्चीत बसवावं, तसा तो प्रकार. डिक्कीत पिशवी ठेवायला गेलो तर तिथे ट्रंकेएवढा स्पीकर. स्टेपनी कुठे आहे रे, असं विचारलं, तर म्हणाला, ‘घरी ठेवली काका, स्पीकरला जागा होईना.’ म्हणजे पंक्चर झालं तर रस्त्याकडेला गाणी ऐकत बसायचं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शुभदाने कोपर मारलं. होणाऱ्या जावयाशी पहिलंच संभाषण टायरांवर नको, असं त्या कोपराचं म्हणणं.

मागे बसून मी पट्टा चाचपू लागलो. सापडेना. ‘तो कव्हराखाली गेला काका. मागं कोण लावतंय?’ त्याचा स्वतःचा पट्टा मात्र अगदी व्यवस्थित लावलेला होता, खुर्चीच्या पाठीमागून. लावला नाही की गाडी टिंगटिंग वाजत राहते, म्हणून तो कायमचा अडकवून हा त्यावर रेलून बसतो. गाडी बिचारी समाधानात असते की मालक सुखरूप आहे. आणि वर पुढच्या काचेवर निळ्या अक्षरांत ठसठशीत ‘जय भीम’. भगवान, ज्यांनी या देशाला कायदा लिहून दिला त्यांचं नाव काचेवर आणि कायदा कव्हराखाली! दुसऱ्या कुणाच्या गाडीत बघितलं असतं तर हसलो असतो. आपल्या पोराच्या गाडीत बघून शिसारी आली.

गोदावरीचा पूल ओलांडला आणि धुकं लागलं. काचेवर दहिवर साचायला लागलं. धम्मदीपने वायपर चालू केला, तर त्याचं रबर वाळून चिरलेलं. ते काच पुसत नव्हतं, सारवत होतं. मग तुझ्या चिरंजीवाने मागे हात केला, ‘काका, रुमाल हाय का?’ मला वाटलं, नाक आलं असेल, थंडी आहे. दिला. त्याने खिडकी उघडली आणि चालत्या गाडीतून उजवा हात बाहेर काढून माझ्या रुमालाने काच घासायला सुरुवात केली. डावा हात कानाशी, कारण त्याच क्षणी तुझा फोन आला होता. तूच, ‘कुठवर आले?’ म्हणून. रस्त्यावर डोळे असलेला माणूस एकच, त्यालाच तू विचारत होतास. स्टिअरिंग गुडघ्यांनी धरलेलं. मी म्हटलं, बाळ, बाजूला घेऊन पूस. तर म्हणाला, ‘काही होत नाही काका.’

आपल्याकडचा हा सर्वांत जागृत मंत्र. ऋषी अज्ञात, छंद बेफाम, देवता यम, विनियोग वळणावर ओव्हरटेक करताना. याला दीक्षा लागत नाही, जात लागत नाही, आणि परभणीपासून पालमपर्यंत प्रत्येक स्टिअरिंगमागे एक साधक बसलेला आहे.

आणि मग ट्रॉली आली. आली कसली, उभीच होती. उसाने भरलेली, चाक मोडलेली, रस्त्याच्या ऐन मध्ये. मागे दिवा नाही, लाल चकतीसुद्धा नाही. ट्रॅक्टरवाल्याने माणुसकी म्हणून मागे बाभळीची एक फांदी टाकून ठेवली होती, तीही धुक्यात रस्त्यासारखीच करडी. धम्मदीपने ब्रेक दाबला. चिखलात पाय रुतावा तसा तो खाली गेला. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. ते पॉलिश केलेले गोटे ओल्या डांबरावरून घसरत गेले, आणि उसाच्या मोळ्यांची टोकं काचेला टेकली तेव्हा गाडी थांबली. आत अत्तराची बाटली पडून फुटली. सितारामची मोटारसायकल अशाच ट्रॉलीच्या मागून आत गेली होती. त्या दिवशी तू फोन केलास आणि नुसता श्वास घेत राहिलास. मला तो श्वास ऐकू आला, गाडीत, रविवारी.

आणि चिरंजीव हसले! ‘बघितलं काका? झालं का काही?’

झरीला पोचलो. तू पुढे आलास, मला मिठी मारलीस, आणि पाण्याचा तांब्या येण्याआधी पहिला प्रश्न काय विचारलास? ‘किती वेळात आले?’ पाहुणा जितका लवकर आला तितका यजमानाचा मान मोठा, ही आपल्या मुलखातली रीत मला कधी कळली नाही. धम्मदीपने वेळ सांगितली, तू मान डोलावलीस, आणि माय ओट्यावरून म्हणाली, ‘माजा नातू लय तेज चालिवतो. येष्टी त्येच्या नादी लागत न्हाई.’ मग तिने शेजारच्यांच्या टेम्पोला टांगलेल्या लिंबू-मिरच्यांकडे बोट दाखवून सांगितलं, ‘आमी असलं काई करत न्हाई बगा. आमच्या सासऱ्यानं छप्पन सालीच फेकून दिलं.’ मायच्या पाया पडावं असं वाटलं. पण माय, फेकलं ते उत्तमच केलं. त्या रिकाम्या जागी टायरातली हवा बघणं यायला हवं होतं, ते आलं नाही. तिथे ‘काही होत नाही’ येऊन बसलं. लिंबू निदान शनिवारी बदलतात तरी.

तुझं मला नवल वाटतं, भगवान. बैल बाजाराला चालवत न्यायचा असला तर तू चारही खूर उचलून बघतोस, नाल ढिला वाटला तर त्या दिवशीचा बाजार बुडवतोस. विहिरीवरच्या मोटारीचा आवाज जरा बदलला की जेवता जेवता उठतोस. आणि ज्या गाडीत पोटचा पोर रोज परभणीला नोकरीवर जातो, तिचा ब्रेक जमिनीला लागतो हे तुला माहीत नाही? त्याला पंप पाहिजे, तेल पाहिजे, की नवे गुटके पाहिजेत, मला कळत नाही. मी वर्गात संस्कृतचे धातू चालवतो, गाडी नाही. पण गाडीला बैलाइतका तरी जीव आहे असं समजून कुणीतरी तिचे खूर बघायला नकोत का?

एवढं तोंड वाजवून झाल्यावर पोराबद्दल बोललंच पाहिजे, कारण तो चांगला आहे. तीच तर पंचाईत. मायला त्याने हाताला धरून उन्हात आणून बसवलं. जेवण झाल्यावर स्वतःचं ताट विसळलं, आणि कुणी बघतंय का हे बघितलं नाही. देण्याघेण्याचा विषय तुझ्या भावकीतल्या कुणीतरी काढला, तो तुझ्या आधी त्यानेच मोडला. मी नाही म्हणायला जागा शोधत घरभर हिंडलो, सापडली नाही. फक्त अंगणात उभी होती, मखमल नेसून.

परतताना सुकेशनीने मागच्या सीटवर बसल्या बसल्या त्या नव्या कव्हराची शिवण दोन्ही हातांनी टरकावली. खाली हात घालून पट्टे ओढून काढले, आधी आईचा लावला, मग स्वतःचा, आणि दुसऱ्या टोकाचा माझ्या मांडीवर टाकला. ‘अहो, नवीन कव्हर हाय!’ धम्मदीप आरशातून कळवळला. ती शांतपणे म्हणाली, ‘कव्हर शिवता येतं. आम्हीपण शिवतो दवाखान्यात, पण माणूस तितका चांगला शिवला जात नाही.’ परभणीच्या दवाखान्यात ती परिचारिका आहे, तिने असलं पुष्कळ शिवताना पाहिलंय. तो कानापर्यंत लाल झाला. त्याने पाठीमागून अडकवलेला पट्टा सोडवला आणि छातीवरून घेतला. मला वाटलं, चला, पोरगा शिकला. परभणीच्या पुढे फोन वाजला, आणि त्याचा डावा हात पुन्हा कानाशी गेला.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना सुकेशनी म्हणाली, ‘बाबा, माझा होकार कळवा.’ मी गाडीचं विचारलं. म्हणाली, ‘गाडी नीट करता येते. माणूस मुळातच वाईट असला तर कुठल्या गॅरेजला न्यायचा?’ म्हणून हे पत्र. आमच्याकडून होकार आहे. साखरपुड्याची तारीख तुम्ही ठरवा, पण त्याआधी टायर, ब्रेक आणि वायपर नवे झालेले मला बघायचे आहेत, स्टेपनी डिक्कीत परत आणि स्पीकर घरात. आणि तो गाडीत असताना तू त्याला फोन करू नकोस, कुठवर आला म्हणून विचारू नकोस. येईल तेव्हा येईल. बाकीचं तू बाप म्हणून त्याच्या शेजारी बसून सांग, माझ्या पत्राने ते व्हायचं नाही. आजवर सुकेशनी गंगाखेडहून रेल्वेने दवाखान्यात जायची. लग्नानंतर रोज सकाळी झरीहून परभणीला त्याच्याच शेजारी बसून जाणार. रुमालाचं मी गमतीने लिहिलं. खरं एवढंच आहे, भगवान, की मला भीती वाटते. एखाद्या धुक्याच्या सकाळी मी वर्गात असेन, आणि माझ्या फोनवर तिसऱ्यांदा तुझं नाव दिसेल.

तुझाच,
सिद्धोधन