झेलिना नावाचं गाव नकाशात नाही

मंगळवार, १९ ऑगस्ट. सकाळी ६.१०. लारिसा.

गाडी भरून तयार आहे. मीही तयार आहे. माझी बायको एवांथिया आणि तिची आई अजून कॉफी पीत बसल्यात. सहाला निघायचं ठरलं होतं. पण चिडायचं नाही. हा या प्रवासाचा पहिला संकल्प.

बाकीचे असे. गाडी पूर्ण वेळ मीच चालवणार. हमरस्ता टाळायचा, कारण हमरस्त्यावर देश दिसत नाही, पुढच्या ट्रकचा पार्श्वभाग दिसतो. फोनमधली ती बाई, 'आता उजवीकडे वळा' म्हणणारी, पाच दिवस गप्प. बावीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवतोय, उजवीकडे कुठे असतं ते मला कळतं. कॉलेजात असताना घेतलेला पेलोपोनीसचा नकाशा बरोबर आहे. आणि शेवटचा: रस्ता कुणालाही विचारायचा नाही.

या शेवटच्यावर काल बराच विचार केला. हा अहंकार तर नाही? प्रामाणिकपणे तपासलं. नाही. हे तत्त्व आहे.

शनिवारी संध्याकाळी पाचला स्ताथिसच्या, माझ्या धाकट्या भावाच्या, मुलाचा बाप्तिस्मा. मी नोनोस, धर्मपिता. म्हणजे पाद्री विचारतील तेव्हा बाळाचं नाव मोठ्यानं सांगणारा, त्याच्या अंगाला तेल चोळणारा, कुंडातून काढलेलं ओलं बाळ हातात घेणारा. पोरगा जन्मभर मला 'नोने' अशी हाक मारेल. नाव बाबांचं, पोलिक्रोनिस. आम्हाला मूल झालं नाही, तेव्हा ते नाव पुढे जाणार ते याच पोरामुळे, पण निदान माझ्या तोंडून.

स्ताथिस तीन वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. त्यात माझी चूक नव्हती, म्हणून कारण नोंदवून ठेवतो. त्याच्या लग्नात, जेवणाच्या टेबलावर, त्याचा सासरा म्हणाला, आमचं गाव झेलिना. मी म्हटलं, सरकारनं शंभर वर्षांपूर्वी ते नाव बदलून आंथोहोरी केलं, झेलिना नावाचं गाव अस्तित्वात नाही. तो म्हणाला, मग आम्ही कुठले? मी म्हटलं, आंथोहोरीचे. एवढंच. माहिती दिली.

६.२५. अजून कॉफी.

मंगळवार, रात्री. गालाक्सिदी.

दुपारी एकला पोहोचणार होतो. आठला पोहोचलो. नकाशातला जुना रस्ता व्यवस्थित होता, पण मध्येच कुणीतरी सौर पॅनेलचं शेत उभं केलंय. चूक नकाशाची नाही.

सासूबाई, कीरा-कालिओपी, मागच्या सीटवर. चर्च दिसलं की तीनदा छातीवर क्रॉसची खूण करतात. रस्त्याकडेचा छोटा देव्हारा दिसला तरी करतात. देव्हारे अपघाताच्या जागी उभारतात, आणि घाटात इतके लागले की बाईंचा हात खाली आलाच नाही. मी म्हटलं, पंखा वाटतोय. त्या म्हणाल्या, तू स्टिअरिंगकडे बघ लेकरा, वरचं मी बघते.

ऑक्टोपस छान होता.

बुधवार, २० ऑगस्ट. कालाव्रिताच्या अलीकडे कुठेतरी.

पुलावरून समुद्र ओलांडला. मोठा आनंद झाला. आवाज न चढवता दोघींना खाडीची भूगर्भीय माहिती दिली. दोघी झोपल्या.

डावा आरसा गेला. वळणावर चर्च आलं. सासूबाई म्हणाल्या, एकदा तरी कर रे, नोनोस होणार आहेस. मी उजवा हात उचलला, गाडी डावीकडे गेली, तिथे कुणाच्या तरी अंगणाची भिंत होती. घरमालकीण बाहेर आली, आरसा उचलून दिला आणि वर अंजिरं दिली. एवांथिया म्हणाली, आता मी चालवते. मी शांतपणे संकल्प पहिला आणि दुसरा यांचा हवाला दिला.

विचार केला: दोष माझा होता का? होता, काही अंशी. चर्च वळणावर बांधणाऱ्याचा जास्त होता.

गुरुवार, २१ ऑगस्ट. दिमित्साना.

घाटात समोरून शेळ्या. दीडशे तरी असतील. मी हॉर्न वाजवला नाही. मेंढपाळानं टोपी उंचावली. तिथे वाटलं, हाच माझा देश, याच्यासाठीच हा रस्ता घेतला. मग क्लचचा वास यायला लागला.

क्लच थंड होईस्तोवर दोन तास. एवांथियानं तेवढ्यात मेंढपाळाला रस्ता विचारला. मी ऐकलं नाही. म्हणजे ऐकू आलं, पण वापरलं नाही.

शुक्रवार, २२ ऑगस्ट. समुद्रकाठ.

सगळ्यात चांगला दिवस. पाण्यात पाठीवर पडून राहिलो. सासूबाई काळ्या पोशाखातच गुडघाभर पाण्यात उभ्या राहून कलिंगड खात होत्या. एवांथिया हसत होती. तिला असं हसताना बघून वर्ष झालं असेल. गाडीच्या डिकीत मेणबत्ती, तेलाची बाटली, पांढरे टॉवेल, बाळाचे कपडे, सगळं खोक्यात नीट. मी दोनदा तपासलं.

एवांथिया म्हणाली, उद्या रस्ता चुकला तर झेलिना कुठे म्हणून विचारशील ना, तिकडे सगळे तसंच म्हणतात. माझ्या कानात पाणी गेलं होतं.

शनिवार, २३ ऑगस्ट. दुपारी ४.२०. आंथोहोरी.

पोहोचलो. चाळीस मिनिटं आधी. नकाशानं, विचारल्याशिवाय, पत्ता न चुकता. पाटीवर स्वच्छ अक्षरात लिहिलंय: आंथोहोरी. पाटीबरोबर माझा फोटो काढायला एवांथियाला सांगितलं. तिनं काढला, पण चेहरा नीट करायला सांगितलं नाही, नेहमी सांगते.

चर्चला कुलूप आहे. बहुधा आतून सजावट चाललीय.

४.५०. आतून सजावट चाललेली नाही.

५.०५. कॅफेत एक म्हातारा भेटला. बाप्तिस्मा कुठेय विचारलं. (हे रस्ता विचारणं नव्हे.) त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, या गावात एकोणीस वर्षांत मूल जन्मलं नाही, मास्तर, तुम्ही आणलंय का एखादं?

चौकशीअंती कळलं ते असं. आंथोहोरी म्हणजे फुलांचं गाव, आणि त्या नावाची गावं एकापेक्षा जास्त आहेत. नावं बदलली त्या काळी सरकारला फुलं फार आवडत असावीत. हे आर्केडियातलं. आपलं पलीकडच्या डोंगराच्या पलीकडे, मेसिनिया जिल्ह्यात. माझ्या नकाशात ते आहे. दुसऱ्या बाजूला छापलंय.

५.२०. स्ताथिसचा फोन. मी आधीच बोललो, की रस्ता, की पाटी, की माफ कर, पाद्र्यांना थांबव. त्यानं मला संपवू दिलं. मग म्हणाला, 'आर्गिरिस, घाबरू नको. बाप्तिस्मा उद्या आहे, अकराला. तुला एक दिवस आधीचा सांगितला होता.'

मी विचारलं, का.

तो म्हणाला, 'तू आहेस ना, म्हणून.'

एवांथियाला माहीत होतं. सासूबाईंनाही. स्ताथिसच्या सासऱ्यालाही. पाद्र्यांनाही, असं दिसतं. तो पुढे म्हणाला, उद्या ये फक्त, आणि कुठेही अडलास तर झेलिना म्हण, एकदाच म्हण, कुत्रंसुद्धा आणून सोडेल. मी म्हटलं, मी पोहोचेन. फोन ठेवला आणि बंद केला. बॅटरी वाचवायला.

मला वाईट वाटलेलं नाही. एखाद्या माणसासाठी आख्खा दिवस राखून ठेवणं, यात एक प्रकारचा आदरही आहे. तपासून बघितलं, नाही आहे.

आज इथेच मुक्काम. एवांथिया म्हणत होती, आत्ता निघू, विचारत विचारत नऊपर्यंत पोहोचू. मी म्हटलं, उद्या. बरोबर अकराला. माझ्या नकाशानं. हा आता माझा आणि स्ताथिसचा प्रश्न राहिलेला नाही, तत्त्वाचा आहे.

रविवार, २४ ऑगस्ट. सकाळी ७.३०.

भांडण झालं. मुद्दा साधा होता: खालून हमरस्त्यानं जायचं की खिंडीतून. खिंडीतून अकरा किलोमीटर कमी. एवांथियानं डिकी उघडली आणि खोकं काढलं. इथला मधमाशीवाला पिकअपनं कालामाताकडे निघालाय, तो दोघींना वाटेत झेलिनाला सोडणार. ती 'झेलिना' माझ्यासमोर म्हणाली.

मला म्हणाली, 'तुला उशीर झाला तर पाद्री थांबतील थोडं. मेणबत्ती न् तेल नसेल तर थांबणार नाहीत. तू ये. येशील ना?'

मी म्हटलं, तुमच्या आधी पोचेन.

सासूबाई पिकअपमध्ये चढता चढता माझ्याच दिशेनं क्रॉस करत होत्या. मी देव्हारा नाही.

८.५५. खिंड. देखावा अप्रतिम. एकटं चालवण्यात एक शांतता असते. कुणी श्वास रोखून धरत नाही.

तेलाचं आणि नावाचं मोठ्यानं म्हणून पाहिलं. पाद्री: आणि याचं नाव? मी: पोलिक्रोनिस. आवाज चांगला लागला. दुसऱ्यांदा म्हणताना थोडा चिरकला. उंचीमुळे.

१०.४५. हिशोबानं मी पोहोचलेलो असायला हवा. एका वस्तीच्या तोंडाशी आहे. पाटी आहे, पण शिकाऱ्यांनी नेहमीप्रमाणे तिच्यावर नेम धरून तिची चाळणी केलीय, एक अक्षर शिल्लक नाही. कॅफेबाहेर दोन म्हातारे. वर कुठेतरी चर्च असावं, घंटा वाजतेय. कुणाकडे तरी आज काहीतरी आहे. नशीबवान.

विचारावं का? विचार केला. जिथे आहोत त्या जागेचं नाव पडताळून घेणं म्हणजे रस्ता विचारणं नव्हे. उतरलो. विचारलं, हे आंथोहोरी का?

पहिल्यानं भुवया उचलून 'त्स' केलं. म्हणजे नाही. दुसरा म्हणाला, त्या नावाचं इथे काही नाही मास्तर, खाली बघा कुठे.

माझ्या जिभेवर दुसरं नाव आलं होतं. हे नोंदवतो, कारण रोजनिशीत खोटं लिहायचं नाही. जिभेवर आलं होतं. पण दोघं माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की जणू तेच ऐकायला बसलेत. धन्यवाद म्हटलं. रस्ता अरुंद, सात वेळा मागेपुढे करून गाडी वळवली. व्यवस्थित वळवली, एकही ओरखडा नाही.

११.५०. नाही.

१२.१५. इथेही नाही.

१२.४०. खालचा पेट्रोल पंप. पंपावर एक बाई. टाकी भरली. काच पुसली. दुसरी काचही पुसली. मग म्हटलं. हळू म्हटलं. तिला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. झेलिना.

ती म्हणाली, हा काय, सरळ वर. कॅफे लागतं, बाहेर दोन म्हातारे बसलेले असतात. तेच.

रविवार. संध्याकाळी ६.००. झेलिना.

जे झालं ते क्रमानं लिहितो.

एकला पोहोचलो. अंगणात टेबलं लागली होती, कोकरू कापून वाढत होते. म्हाताऱ्यांपैकी एक मला बघून म्हणाला, अरे, हा तर परत आला.

चर्चचं अंगण कॅफेच्या बरोबर वर आहे. कठड्याच्या भिंतीवरून सगळा रस्ता दिसतो. सगळे तिथेच माझी वाट बघत उभे होते, स्ताथिस बाळ घेऊन सगळ्यात पुढे. एवांथियानं हातही केला होता. माझा फोन बंद होता.

स्ताथिस मला बाजूला घेऊन गेला. रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला उत्तर देता आलं असतं. म्हणाला, 'तुझी गाडी आली. तू उतरलास. त्या दोघांशी बोललास. मग वळवलीस आणि निघून गेलास. एवढी खटपट करून वळवत होतास, की मला वाटलं, तुझं ठरलंय. गाव बघितलंस आणि अजूनही मान्य नाही.'

मी त्याला पाटीबद्दल सांगितलं. दोन आंथोहोरींबद्दल सांगितलं. नकाशाची दुसरी बाजू काढून दाखवली. तो नकाशाकडे बघत होता, पण वाचत नव्हता.

त्यानं अर्धा तास थांबून पाद्र्यांना सुरू करायला सांगितलं होतं. त्यांना बाराला दुसऱ्या गावी जायचं होतं. तेल एवांथियानं चोळलं. बाळ तिनं घेतलं. नाव तिनं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, अख्ख्या चर्चला ऐकू गेलं, रडत होती तरी. एवांथिया माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या ताटात कोकरू वाढलं. तिच्या बाहीला तेलाचा वास येत होता.

मला एक मान्य केलं पाहिजे. खिंडीतून खरंच अकरा किलोमीटर कमी पडतात.

मग स्ताथिस बाळाला घेऊन आला. न विचारता माझ्या मांडीवर ठेवलं. जड आहे, बाबांसारखंच कपाळ. पांढऱ्या कपड्यांत होतं, मी निवडलेल्या. माझा चष्मा ओढायला लागलं. स्ताथिस त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, 'पोलिक्रोनिस, हा बघ. हा काका.'

काका मी आधीपासूनच होतो. त्यासाठी लारिसाहून निघावं लागत नव्हतं.