बाबांनी पाहिलेली बाग

प्रिय अंकुरदादा,

तू पाठवलेले फोटो मिळाले. तुमच्या इंग्लंडातल्या त्या जुन्या हवेलीच्या हिरवळीवर उगवलेली पांढरी इवली फुलं बाबांनी फोन नाकाशी धरून पाहिली. उत्तराला उशीर झाला. दुबईच्या ऑफिसातून शारजाला घरी पोचेपर्यंतच जीव जातो ट्रॅफिकमध्ये. मग स्वयंपाक, अस्मीचा अभ्यास, बाबांच्या गोळ्या. जरा टेकले की डोळे मिटतात.

बाबांचं ‘थोडं विसरणं’ आता थोडं राहिलेलं नाही. फोनवर तुझ्याशी छान बोलतात, कारण तिथे तब्येत आणि हवा एवढंच बोलायचं असतं. मागच्या महिन्यात कुंड्यांसाठी माती आणतो म्हणून खाली उतरले आणि संध्याकाळी पोलीस त्यांना घरी घेऊन आले. तेव्हापासून दाराला वर दुसरी कडी लावलीय. तिकडच्या बागा मात्र ते विसरत नाहीत. दुबईत देरातल्या ऑफिसात सगळी नोकरी काढलेला माणूस, बाल्कनीतल्या कुंड्यांवर हौस भागवली. रिटायर झाल्यावर तू बागा दाखवीन म्हणालास, ते डोक्यात पक्कं बसलंय. सकाळी स्वेटर घालून सोफ्यावर बसायचे आणि विचारायचे, "अंकुरची गाडी आली का गं?"

शेवटी गेल्या शनिवारी त्यांना अल ऐनला नेलं. तिथे शेखांचा जुना महाल आहे. मातकट भिंती, चौकामागून चौक आणि मधे बाग. ऊन अजून सोसण्यासारखं होतं. वाफ्यांत पेटुनिया फुललेल्या, खजुरांना तुरे फुटलेले. बाबा चपला काढून हिरवळीवर उभे राहिले. किती दिवसांनी त्यांचे खांदे सैल पडलेले पाहिले मी. यहया नावाच्या रखवालदाराने विचारलं, "चाचा, कहाँ से आए?"

"दुबई से. बेटा इंग्लंड में रहता है, उसी ने बुलाया. बाग दिखाने." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ये मॅडम गाडी चलाती है. बहुत अच्छी है."

मी पुढे झाले, तर अस्मीने हात धरला. "मॉम, लेट हिम." मी मागे सरले. बाबा झाडाझाडापाशी थांबत दुपारभर फिरले, "इंग्लंडात ऊन बरं पडतं," म्हणाले, आणि परतताना गाडीत लहान मुलासारखे झोपले. त्यानंतर त्यांनी तुझ्या गाडीचं एकदाही विचारलेलं नाही.

दादा, तुझ्याकडे यायचं त्यांचं मार्चचं तिकीट मी रद्द केलंय. एवढा प्रवास त्यांना झेपणार नाही, आणि त्यांच्या मनाने तो होऊनही गेलाय. आता तूच ये. तुला ते अजून ओळखतात. मला ओळखतात की नाही, हे मी विचारायचं सोडलंय. पंधरा दिवस रजा काढ, त्यांच्यापाशी बस, दाराकडे लक्ष ठेव, आणि मला आतल्या खोलीत झोपू दे. फोनवर म्हटलं असतं तर तू ‘बघतो’ म्हणाला असतास, म्हणून लिहिलं.

तुझीच थकलेली,
शुभ्रा