येतो म्हणून आलास ना?

आर. के. पुरम, दिल्ली

चि. गुणवंतास तानूआत्याचे आशीर्वाद.

अहिल्येची कंबर कशी आहे? छकुलीचा खोकला गेला का? आणि तुला झोप लागते का?

झोपेचं मुद्दाम विचारते. तिथे जर्मनीत तुझ्या बेकरीच्या मालकाने भांडणात "उद्यापासून येऊ नको" म्हटलं आणि तू घरीच बसलास, हे अहिल्येने फोनवर सांगितलं. वर शपथ घातली, "आत्या, मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका." तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय. शेजारचे भाऊसाहेब लेबर खात्यातून रिटायर झालेत, परदेशातले कामगार कायदेही त्यांना ठाऊक. त्यांना म्हटलं, एका ओळखीच्या मुलाचं असं असं झालंय.

"ओळखीचा म्हणजे भाचाच ना?" ते हसले. "अहो, जर्मनीत तोंडी काढलेलं चालत नाही, सहीचा कागद द्यावा लागतो. राजीनामाही तसाच. निघताना काय बोलला तो?"

अहिल्येला विचारलं. तू म्हणे आपल्या सवयीने "येतो" म्हणालास, तेही त्यांच्या भाषेत, शब्दाला शब्द!

"बिल्कुल बढिया!" भाऊसाहेब म्हणाले. "म्हणजे परत येतो असंच सांगून निघाला. मग कामावर जाऊन उभं राहायला सांगा. नाहीतर मालक म्हणेल, हाच यायचा थांबला."

अहिल्या सांगायला गेली तर "मला कायदा शिकवू नकोस" म्हणून फणकारलास. माझं ऐकशील, पण शपथ आड येते. म्हणून हे पत्र उशीखालीच राहणार. बाळा, तूच आपणहून दोन ओळी लिही, नोकरीचं नुसतं नाव काढ, मग मी बोलायला मोकळी. पण लवकर लिही रे.

तुझी,
तानूआत्या